मुलगा म्हणतो, खेळता आलं नाही तरी मॅनेजर होईन

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षांचा, एस.वाय.बी.कॉम.ला आहे. आम्ही खडकीत राहतो. गेल्या वर्षी लीगच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. पूर्वीसारखं खेळता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. आता त्याने फुटबॉल मॅनेजर व्हायचं डोक्यात घेतलंय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मॅचेस बघतो आणि वहीत गोल नि बाण काढत बसतो. त्याचे बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. यात खरंच करिअर आहे का? – एक आई

उत्तर : ताई, आधी शब्दाचा घोळ मिटवू. संघ निवडणारा, डावपेच ठरवणारा आणि चार सामने हरले की सगळ्यांत आधी घरी जाणारा माणूस, त्याला इंग्लंडमध्ये मॅनेजर म्हणतात. आपल्याकडे तोच हेड कोच. आपला टीम मॅनेजर वेगळा, तो तिकिटं, हॉटेल, कागदपत्रं बघतो. तुमच्या मुलाला हेड कोच व्हायचंय, असं धरून लिहितो.

गुडघा गेला म्हणून ही वाट बंद होत नाही. उलट या धंद्यात अशी दुखावलेली मंडळी बरीच आहेत. जर्मन प्रशिक्षक युलियान नागेल्समानचं खेळणं विसाव्या वर्षीच थांबलं. तेव्हा तो ऑग्सबुर्ग क्लबच्या राखीव संघात होता आणि त्याचा कोच होता टूखेल. टूखेलने त्याला प्रतिस्पर्धी संघ बघून टिपणं काढायच्या कामाला लावलं. बाहेर तो बिझनेसचं शिक्षण घेत होता, म्हणजे तुमच्या बी.कॉम.चा चुलतभाऊच, पुढे तो क्रीडाशास्त्राकडे वळला. मग काही वर्षं मुलांचे संघ शिकवले आणि २०१६ मध्ये, २८व्या वर्षी, हॉफेनहाइम या तिथल्या क्लबचा मुख्य प्रशिक्षक झाला. लोकांना तो २८चा आकडा आठवतो, मधली पोरांना शिकवण्याची वर्षं कुणी मोजत नाही.

आपल्याकडचं उदाहरण खालिद जमीलचं. दुखापतींनी खेळ आटोपल्यावर २००९ मध्ये त्याने मुंबई एफसी या क्लबच्या प्रशिक्षकपदाची जबाबदारी घेतली. तिथे जवळपास सात वर्षं, विजेतेपद एकही नाही. नंतर आयझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१७ मध्ये त्याने आय-लीग ही देशपातळीवरची स्पर्धा जिंकून दिली आणि २०२५ मध्ये भारताच्या संघाचा प्रशिक्षक झाला. ती सात वर्षं तुमच्या घराला झेपतील का, याचा विचार आजच करा.

कारण पुण्याचं चित्र फारसं गोड नाही. पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी, तिन्ही क्लब आले नि गेले. प्रशिक्षक डेरिक परेराच्या हाताखाली पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला होता, आज तो क्लबच नाही. आता इथे काम आहे ते शाळांत आणि अकादम्यांत. सुरुवातीला पेट्रोलचे पैसे सुटले तरी पुष्कळ म्हणायचं.

प्रशिक्षकाच्या परवान्यांची शिडी ठरलेली आहे : ई, डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडून कोर्सेस जाहीर होतात, महाराष्ट्रात 'विफा' ही राज्याची फुटबॉल संघटना बघते. वरच्या पायऱ्यांना मध्ये प्रत्यक्ष शिकवल्याचा अनुभव लागतो, त्यामुळे घाई करून काही होत नाही. बी.कॉम. मात्र पूर्ण करायचंच. पदवीनंतर गुलटेकडीच्या आगाशे कॉलेजात बी.पी.एड. केलं तर शाळेत शारीरिक शिक्षणाची नोकरी मिळू शकते आणि संध्याकाळ क्लबला देता येते. बाबांनाही सांगा, नोकरी आणि मैदान यांचं वैर नाही. १९६२च्या जकार्ता एशियाडचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मूळचे शाळामास्तर होते.

फॉर्म भरण्याआधी एक परीक्षा घ्या. एखाद्या अकादमीत दहा वर्षांखालच्या पोरांना शिकवायला रविवारी सकाळी त्याला मदतनीस म्हणून जाऊ द्या, फुकट. मागे अशाच एका मुलाला मी पाठवलं होतं. आदल्या रात्री त्याने कागदावर सुंदर प्लॅन काढला. सकाळी समोर सोळा पोरं, दोघांच्या लेस सुटलेल्या, एकाला शू लागलेली, आणि रेषेबाहेरून कुणाचे तरी आजोबा 'अरे मार, मार!' म्हणून ओरडतायत. कागद खिशातून बाहेर आलाच नाही. चौथ्या रविवारी स्वारी गेलीच नाही. आज तो फिजिओथेरपी शिकतोय आणि मजेत आहे. त्याला फुटबॉल आवडत होता, शिकवणं नाही. हे चार रविवारांत कळलं, चार वर्षं गेली नाहीत.

आणखी एक विचारतो : दुसरी पोरं खेळताना बघून त्याच्या पोटात कालवतं का? पहिलं वर्षभर कालवणारच. त्यावर कुत्सित बोलू नका, घरात कुणालाही बोलू देऊ नका.

आता ती वही. त्याला न रागावता मागून घ्या आणि बाण कुणाचे आहेत ते बघा. नुसते मँचेस्टर नि माद्रिदचे असतील तर तो अजून प्रेक्षक आहे. स्वतःच्या क्लबच्या पोरांची नावं असतील तर गोष्ट वेगळी. मग एखाद्या रविवारी लीगचा सामना बघायला त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि चेंडू एका टोकाला असताना विचारा, 'पलीकडच्या टोकाचा तो मुलगा काय करतोय रे?' तो चेंडूवरची नजर काढून तिकडे बघून बोलायला लागला, की मला कळवा. ई सर्टिफिकेटचा फॉर्म आपण मिळून भरू.