नळीने अन्न आणि जखमेचं ड्रेसिंग लागणाऱ्या रुग्णासाठी जवळचं नर्सिंग केअर सेंटर कसं शोधावं?

आधी डिस्चार्जच्या डॉक्टरांकडून गरजांची लेखी यादी घ्या: राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी), कॅथेटर (लघवीची नळी), ड्रेसिंग किती वेळा, सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणं) किंवा ऑक्सिजन लागतो का, फिजिओथेरपी किती. ही यादी जवळच्या केंद्रांना फोनवर वाचून दाखवा. ‘सगळं करतो’ एवढंच उत्तर मिळालं, तर अन्नाची नळी निघाली की परत कोण घालतं ते विचारा. ते काम प्रशिक्षित नर्सचं आहे. आणि नळी जागेवर असल्याची खात्री केल्याशिवाय अन्न सुरू केलं, तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न रात्रीचा. रात्री किती रुग्णांमागे किती नोंदणीकृत नर्स? अटेंडंट (मदतनीस) वेगळे मोजा. फसगत इथेच होऊ शकते.

भेट संध्याकाळी उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी द्या, तेव्हा माणसं कमी असतात. नळीने अन्न देताना पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर आहे का, बघा. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर २ तासांनी बदलल्याची नोंद मागा. सगळ्या वेळा एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेल्या दिसल्या तर शंका घ्या. बेल वाजवल्यावर कोणी किती वेळात येतं, हेही पाहा.

तब्येत अचानक बिघडली तर कुठल्या रुग्णालयात नेतात आणि डायपर, औषधं, ड्रेसिंगचं सामान बिलात धरलंय का, हे करारात लिहून घ्या.

दोन केंद्रं सारखीच वाटली तर घराजवळचं निवडा. रोज कोणीतरी डोकावलं, तर पडून राहिल्याने पाठीवर येणारा लालसरपणा जखम होण्याआधीच लक्षात येऊ शकतो.