तालमीला येण्याआधी एवढे शब्द कानावर असू देत

आधी उजवं-डावं पक्कं कर. रंगमंचावरची उजवी बाजू म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची उजवी. प्रेक्षकांना ती डावीकडे दिसते. डाउनस्टेज म्हणजे प्रेक्षकांच्या जवळचा भाग, अपस्टेज म्हणजे मागचा. पूर्वी युरोपातले रंगमंच मागे चढते बांधत, त्यावरून ही नावं पडली. तू अपस्टेजला सरकून बोलायला लागलास, तर समोरच्या नटाला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते. याचा राग येतो बरं का, तोंडावर कोणी बोललं नाही तरी.

ब्लॉकिंग म्हणजे कोण कुठून येणार, कुठे थांबणार याची आखणी. ती संहितेत पेन्सिलीनेच लिही, कारण दिग्दर्शक ती बदलणारच. क्यू म्हणजे तुझ्या वाक्याची किंवा हालचालीची खूण. नवे लोक फक्त स्वतःची वाक्यं पाठ करतात. समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे शब्दही पाठ हवेत. प्रकाश आणि संगीतालाही क्यू असतात, म्हणून आयत्या वेळी वाक्य बदलू नकोस.

विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशाला, उभं राहताना एक बघ: तुला प्रेक्षक दिसत असेल, तर त्यालाही तू दिसतोस. प्रॉपर्टी म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तू. दुसऱ्याच्या प्रॉपर्टीला हात लावायचा नाही. ब्लॅकआऊटमध्ये, म्हणजे रंगमंचावरचे सगळे दिवे बंद असताना, धावू नकोस. जमिनीवरच्या चमकत्या पट्टीच्या खुणा बघून चाल.

नेपथ्य, रंगभूषा, वेशभूषा हे शब्द तुला ठाऊक असतीलच. रंगीत तालीम मात्र प्रयोगासारखीच, पूर्ण वेशात आणि न थांबता होते.