तिखट-मसाल्यांमुळे डोळ्यांचा कोरडेपणा वाढतो का?

डोळे कोरडे पडून वाळू गेल्यासारखे खुपतात आणि घरचे तिखट, लसूण, गरम मसाला बंद करायला सांगतात, त्यात तथ्य आहे का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. परंतु सहा वर्षे हा त्रास सोसते आहे आणि हेच पथ्य तीन महिने कडक पाळले आहे, म्हणून लिहिते.

त्या तीन महिन्यांत फिक्या वरणभातावर राहूनही माझे खुपणे तसूभर कमी झाले नाही. नेत्रतज्ज्ञांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटे बसवले, तेव्हा ती चांगली भिजली. म्हणजे पाणी पुरेसे होते, उणीव तेलाची होती. पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून झिरपणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरते आणि त्यांना लवकर सुकू देत नाही. त्या ग्रंथी तुंबल्या की डोळ्यांत पाणी असूनही टिकत नाही. झणझणीत रस्सा खाल्ल्यावर डोळ्यांना धार लागते ती मिरचीतल्या कॅप्सायसिनने तोंडातल्या नसा चेतवल्यामुळे, आणि त्या पाण्याने कोरडेपणा वाढत नाही, तसा कमीही होत नाही.

खरा घात करतो तो खकाणा. गेल्या उन्हाळ्यात मसाल्यासाठी सुक्या मिरच्या खिडकी लावून भाजल्या, आणि त्या रात्री मला पापण्या उघडवत नव्हत्या. आता मी खिडकी सताड उघडून, धूर बाहेर टाकणारा पंखा लावून आणि साधा चष्मा घालूनच मिरच्या भाजते, आणि चिरलेल्या मिरचीचे हात साबणाने धुतल्याखेरीज डोळ्यांकडे नेत नाही, कारण कॅप्सायसिन नुसत्या पाण्याने जात नाही.

एक अपवाद मात्र गंभीरपणे घ्यावा. तिखट किंवा कढत चहा घेतल्यावर आपले गाल आणि नाक लाल होऊन तापत असतील, तर ते रोझेशिया असू शकते. हा त्वचारोग पापण्यांच्या ग्रंथींनाही ग्रासतो, आणि अशांनी तिखट कमी करण्यात अर्थ आहे. मद्यानेही अश्रूंचा थर लवकर फुटतो. सर्दीसाठी सहज घेतली जाणारी सेटिरिझीनसारखी गोळी तर जेवणातल्या कुठल्याही मसाल्यापेक्षा आधी तपासावी.

आहारात काही वाढवून फरक पडतो का, याचे उत्तरही निराशाजनक आहे. अमेरिकेत 535 रुग्णांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभर रोज 3000 मिलिग्रॅम ओमेगा-3 घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला नाही. मला गुण आला तो रोज दहा मिनिटे कोमट कापडाने पापण्या शेकण्याचा आणि संगणकासमोर आठवणीने पापण्या पूर्ण मिटण्याचा.

शेवटी एक विचारते. पूर्वी सहज खाल्ले जाणारे तिखट हल्ली आपल्या तोंडाला झोंबते का, आणि भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही का? तसे असेल तर तिखट हे कारण नसून खूण आहे: लाळ आणि अश्रू दोन्ही आटवणाऱ्या शोग्रेन या आजाराची तपासणी करण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी या आठवड्यातच बोला.