कावळ्याचं नाव कुठेच नाही

पत्र : माझी मुलगी दहावीत आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिला ए ग्रेड मिळाली. पुढे लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, असं तिने ठरवलंय. तिचे बाबा म्हणतात, पुस्तक लेखकाचं असतं, चित्रं म्हणजे नुसती सजावट, त्यावर आयुष्य कसं काढणार? धाकटा दुसरीत आहे. त्याला खरं वाचन जमावं म्हणून त्याची चित्रांची पुस्तकं आम्ही माळ्यावर टाकली. मुलीला कसं समजवावं? तिच्या वहीतल्या एका पानाचा फोटो सोबत जोडते आहे. — एक आई, सांगली

उत्तर : ताई, नमस्कार.

फोटो मोठा करून मी बराच वेळ बघत बसले. गच्चीवर जुनं लुगडं अंथरलंय, त्यावर कुरडया. आजीच्या हातात काठी आहे, पण मान कललेली, डोळा लागलेला. एक कावळा कठड्यावर, आणि दुसऱ्याचा एक पाय लुगड्याच्या काठावर येऊन टेकलाय. खाली तुमच्या लेकीने लिहिलंय, ‘आजी कुरडया राखते.’ कावळ्याचं नाव कुठेच नाही, डुलकीचंही नाही. शब्द एक सांगतात, चित्र भलतंच सांगतं, आणि सगळी गंमत त्या दोहोंच्या मधल्या जागेत आहे. हे शिकवून येत नाही हो. मला या पानाचा फार आनंद झाला.

बाबांना एक पुस्तक जरूर दाखवा. इंग्लंडच्या पॅट हचिन्स यांचं ‘रोझीज वॉक’, १९६८ सालचं. अख्ख्या पुस्तकात शब्द फक्त ३२. एक कोंबडी फिरायला निघते, अंगण ओलांडते, तळ्याला वळसा घालते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते. शब्दांत एवढंच. चित्रांत मात्र तिच्या मागावर कोल्हा आहे. त्याचा पाय दंताळ्यावर पडतो आणि दांडा तोंडावर बसतो, मग तो तळ्यात आपटतो, पुढे अंगावर पिठाचं पोतं रिकामं होतं. कोल्हा हा शब्द पुस्तकात एकदाही येत नाही. ही चित्रं काढून टाकली तर गोष्टच उरत नाही. मग सजावट कशाला म्हणायचं?

आणि हो, धाकट्याची पुस्तकं आजच माळ्यावरून खाली काढा. चित्र बघताना मूल रिकामं बसलेलं नसतं. हा कावळा आता काय करणार, आजी जागी होईल का, कुरडया वाचतील का, हे ते मनात जुळवत असतं. उद्या बिनचित्राचा धडा वाचतानाही त्याला हेच करायचंय. चित्र सगळं आयतं पुढ्यात ठेवतं, असं पालक मला नेहमी म्हणतात. वाईट चित्र ठेवतं, खरंय. चांगला चित्रकार काहीतरी राखून ठेवतो, आणि ती जागा मूल आपल्या कल्पनेने भरतं.

आता शिक्षणाचं. बारावी कुठल्याही शाखेतून चालते. त्यानंतर बीएफएसाठी, म्हणजे कलेच्या पदवीसाठी, राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यात वस्तुचित्र आणि डिझाइनबरोबर स्मरणचित्राचा, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राचा, पेपर असतो. स्मरणचित्राकडे तिने आतापासून लक्ष द्यावं, कारण पुस्तकातली आजी पानोपानी तीच दिसायला हवी, आणि समोर आजी बसलेली नसते. मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय सगळ्यांना ठाऊक असतं. अहमदाबादची एनआयडी आणि आयआयटी मुंबईची आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांची वाट वेगळी आहे, त्यांच्या प्रवेश परीक्षाही वेगळ्या. लेखिका आणि चित्रकार माधुरी पुरंदरे जे. जे.मध्येच चित्रकला शिकल्या. त्यांच्या कितीतरी पुस्तकांत शब्द आणि चित्रं दोन्ही त्यांचीच आहेत, आणि २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांची पुस्तकं घरात असू द्या.

पैशांचं खरं सांगते. नुसत्या मराठी चित्रपुस्तकांवर घर चालवणं अवघड आहे. या क्षेत्रातले बरेच जण पाठ्यपुस्तकं, मासिकं, जाहिराती यांची कामं जोडीला करतात, शिवाय इतर भाषांतल्या प्रकाशकांसाठीही काढतात. चित्राला भाषेची अडचण नसते, हा मोठा आधार आहे. पुढे काम मिळालं की मुखपृष्ठावर नाव येणार का, मूळ चित्रांचे हक्क कुणाकडे राहणार, मानधन एकरकमी की रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, हे कागदावर आल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. पहिलं पुस्तक मिळाल्याच्या आनंदात मुलं यातलं काहीच विचारत नाहीत आणि मग वर्षानुवर्षं हळहळतात.

तिला समजवायला तुम्ही मला विचारलंत. माझं ऐकाल तर तिला काहीच समजावू नका, एक काम द्या. दहावीची परीक्षा झाली की ए-फोरचे आठ कागद एकात एक घालून मधोमध दुमडायचे, मधे दोन टाके घालायचे. बत्तीस पानांची वही होते. छापखान्यात एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेल्या पानांना फर्मा म्हणतात; तो सोळा पानांचा असेल तर हे दोन फर्मे, म्हणून चित्रपुस्तकं बहुधा बत्तीस पानी असतात. त्यात तिने ही कुरडयांचीच गोष्ट पुरी करावी. रंग नकोत, पेन्सिलीची कच्ची रेखाटनं पुरेत. पान उलटायच्या आधी काय दाखवायचं आणि उलटल्यावर काय, एवढाच विचार करायचा. कावळा कुठल्या पानावर कुरडई उचलतो, हे ठरवतानाच तिची खरी परीक्षा होईल.

मग ती वही धाकट्याच्या हातात द्यायची. गोष्ट सांगायची नाही, शब्दही वाचून दाखवायचे नाहीत. तो कुठे थांबला, कुठे बोट ठेवलं, कुठे मागचं पान पुन्हा उघडलं, ते तिने शेजारी बसून टिपून ठेवावं. त्या वेळी बाबांनाही तिथे बसवा.