स्टोनवेअरचा बेकिंग ट्रे तेल लावून तापवल्यावर चिकट झालाय आणि डागाळलाय. साबणाच्या पाण्यात भिजत घालू का? सीझनिंग परत कसं करू?

तुम्ही लिहिलंय की नव्या ट्रेला सगळीकडून सढळ हाताने तेल लावलं, तासभर ओव्हनमध्ये तापवलं, आणि आता तो हाताला चिकट लागतोय, मधोमध तपकिरी डाग पडलेत. आता रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवायचा विचार आहे. कृपा करून भिजत घालू नका. ट्रे अजिबात वाया गेलेला नाही. तेल जास्त झालंय, एवढंच.

पण काही करायच्या आधी एक गोष्ट तपासा. ट्रेच्या आतल्या बाजूला, जिथे तेल कमी लागलंय अशा कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका आणि दोन मिनिटं थांबा. थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला आणि जागा मुळातच चकचकीत असेल, तर भांड्याला झिलई, म्हणजे वरून चढवलेला काचेसारखा थर, आहे. थेंब पसरून मुरला आणि तिथे गडद ओला डाग उमटला, तर भांडं बिनझिलईचं. हे खालच्या बाजूला करून पाहू नका, फसाल. झिलई दिलेल्या भांड्यांचाही तळ बहुतेक वेळा कोराच ठेवतात, नाहीतर भट्टीत झिलई वितळून भांडं फळीला चिकटून बसेल.

एवढा भेद करायचं कारण असं की 'स्टोनवेअर' या एकाच नावाखाली स्वभावाने वेगळी दोन भांडी विकली जातात. स्टोनवेअरची माती साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्या आचेला मातीतला काही भाग काचेसारखा वितळतो आणि बाकीचे कण घट्ट धरून ठेवतो, म्हणून साध्या भाजक्या मातीपेक्षा हे भांडं कितीतरी टणक होतं. त्यावर झिलई चढवली की वरचा थर म्हणजे सरळसरळ काच. दुसरा प्रकार पाव, बिस्किटं, पिझ्झा भाजायच्या सपाट दगडांचा आणि ट्रेंचा. त्यांत मुद्दाम बारीक छिद्रं राहू देतात, कारण ती पिठाच्या तळातला ओलावा ओढून घेतात आणि खालची बाजू कुरकुरीत होते.

झिलईचं भांडं असेल तर काम सोपं आहे. काचेत तेल मुरत नाही, त्यामुळे सीझनिंगचा, म्हणजे तेल तापवून त्याचा थर बसवण्याचा, प्रश्नच नाही. साबण चालतो, थोडा वेळ भिजवलेलंही चालतं. कडांना जे पिवळट-तपकिरी चिकट राहतं, ते भाजून घट्ट झालेलं तेल असतं. त्यावर खायच्या सोड्याचा दाट लेप अर्धा तास ठेवून घासलं की ते सुटतं. सुरीच्या करड्या रेघोट्या पाहून भांड्यावर ओरखडे पडले असं वाटतं, पण झिलईची काच चांगली कडक असल्यामुळे बहुतेक वेळा सुरीचंच धातू तिथे घासलं जाऊन बसलेलं असतं. तेही सोड्याने बरंच निघतं. तारेची घासणी मात्र लावू नका.

तुमच्या वर्णनावरून तुमचा ट्रे बिनझिलईचा वाटतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगते.

सीझनिंग करताना तेल पाण्यासारखं उडून जात नाही. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचा कडक, कोरडा पापुद्रा बनतो. बिडाच्या तव्यावरचा काळा गुळगुळीत थर हाच. पण हवा वरून लागते. थर जाड असेल तर वरचा भाग धरतो आणि खालचं तेल अर्धवट राहतं. तैलरंगाचा डबा उघडा राहिला की वर साय धरते आणि खाली रंग ओलाच असतो, अगदी तसं. तुमच्या बोटाला जे चिकटतंय ते हे अर्धवट जमलेलं तेल. साबणाने ते फारसं निघणार नाही, कारण ते आता धड तेल राहिलेलं नाही आणि धड पापुद्राही झालेलं नाही.

मी करते ते असं. जिथे तेलाचे ओघळ किंवा जाड ठिपके दिसतात तिथे दोन भाग सोडा आणि एक भाग पाणी अशी पेस्ट लावायची आणि पंधरा-वीस मिनिटांनी प्लॅस्टिकच्या खरवडणीने गोल गोल घासायचं. सोड्याचे कण दगडापेक्षा मऊ असतात, त्यामुळे ते घासतात पण ओरखडत नाहीत. नंतर कोमट पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून, ट्रे उभा टेकवून दिवसभर वाळू द्यायचा. मग थंड ओव्हनमध्ये ठेवून ओव्हन २२० अंशांवर लावायचा, तासभर तापवायचा आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायचा. थोडा धूर होईल, खिडकी उघडी ठेवा. बहुतेक वेळा पहिल्याच तासात चिकटपणा जातो, क्वचित दुसरी खेप लागते. ट्रेसोबत आलेला कागद मात्र आधी वाचा. काही उत्पादक रिकामं भांडं तापवू नका म्हणतात, काही कमाल तापमान देतात. तसं लिहिलेलं असेल तर तेच पाळा. मग सोड्याने घासून थेट भाजायला सुरुवात करा, चिकटपणा हळूहळू कमी होईल.

आता साबण. जमलेला पापुद्रा भांड्याच्या साबणाने विरघळत नाही, त्यामुळे सीझनिंग धुऊन जाईल ही भीती मोठी नाही. खरी अडचण छिद्रांची आहे. साबणाचं पाणी आत शिरतं, पाणी वाळतं, साबण आतच राहतो आणि पुढच्या वेळी पिठात उतरतो. माझ्या पहिल्या दगडावर मी एकदा साबण लावून चांगला फेस केला होता. त्यावर भाजलेल्या पावाचा तळ तोंडात टाकल्याबरोबर जिभेच्या मागच्या बाजूला साबणाची कडवट चव आली. अख्खा पाव टाकावा लागला. पुढे दोनदा नुसत्या पीठ-पाण्याची जाड चकती त्यावर भाजून फेकली, तेव्हा चव गेली. तुमच्याकडून आधीच साबण लागला असेल तर हाच उपाय करा.

रात्रभर भिजवणं त्याहून वाईट. छिद्रांत शिरलेलं पाणी वरून दिसत नाही. ट्रे कोरडा दिसतो, आपण तो गरम ओव्हनमध्ये ठेवतो आणि आतल्या पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. ती हळूहळू बाहेर पडली तर ठीक, नाहीतर भांड्याला तडा जातो. म्हणूनच धुतल्यावर दिवसभर वाळवा असं म्हणते, आणि घाईच असेल तर थंड ओव्हनपासून सुरुवात करून हळूहळू तापवा.

रोजच्या सफाईला एवढा पसारा लागत नाही. भांडं पूर्ण गार झालं की चिकटलेलं खरवडून काढायचं, गरम पाण्याखाली धरून काथ्याच्या ब्रशने घासायचं, पुसून उभं ठेवायचं. डिशवॉशरमध्ये कधीच नाही.

डागांबद्दल मात्र माझं ऐका. ते घालवायच्या मागे लागू नका. नवा ट्रे वाळूच्या रंगाचा असतो, महिन्याभरात तांबूस होतो, मग तपकिरी, आणि काही वर्षांनी मधोमध जवळजवळ काळा. तुम्ही तेल लावून जे एका दिवसात मिळवायला गेलात, ते हेच. हा राप भाजता भाजता आपोआप चढतो, आणि तो जितका मुरतो तितकं पीठ कमी चिकटतं. माझ्या जुन्या ट्रेवर पाव नेहमी ठेवते तेवढा लांबट पट्टा काळाभोर आहे आणि कडा अजून फिक्या आहेत. त्या काळ्या पट्ट्यावरून पाव नुसता ट्रे तिरका केला तरी घसरतो, कडेला मात्र उलथनं घालावं लागतं. नीट धुतल्यावर आणि वाळवल्यावर डाग हाताला कोरडा लागत असेल आणि वास येत नसेल, तर ती घाण नाही. खवट वास आला तर मात्र आत मुरलेलं तेल जुनं झालंय. सोड्याने घासा आणि वर सांगितलं तसं तापवा.

तरीही हाताने सीझनिंग करायचंच असेल तर मोठ्या ट्रेला अर्धा चमचा रिफाइंड सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल पुरे. फक्त आतल्या बाजूला चोळा आणि मग कोरडं फडकं घेऊन, लावलेलं तेल आता काढूनच टाकायचंय अशा जोराने पुसा. बोट फिरवल्यावर बोट चकाकलं तर अजून पुसा. २०० अंशांवर तासभर तापवा, आतच गार होऊ द्या, आणि दोन-तीनदा करा. लोणी वापरू नका, त्यातला दुधाचा अंश जळतो. डब्यातून फवारायचं स्वयंपाकाचं तेल तर अजिबात नको. त्यात बऱ्याचदा लेसिथिन असतं आणि त्याचा डिंकासारखा थर बसतो. जवसाचं तेल फार कडक धरतं म्हणून बरेच जण सुचवतात, पण त्याचे पोपडे निघू शकतात, मी ते सोडून दिलं. आणि पिझ्झाचा दगड, जो २५० अंशांच्या वर तापवायचा असतो, त्याला तेलाचा थेंबही लावू नका. नुसता धूर होतो.

माझ्या मते सर्वांत चांगलं सीझनिंग म्हणजे पहिल्या पाच-सहा वेळा भरपूर लोण्याची बिस्किटं भाजणं. पिठातून हवं तेवढंच स्निग्ध बाहेर येतं, त्यामुळे थर जाड होण्याची भीतीच नाही.

शेवटी फुटण्याबद्दल. स्टोनवेअर कणखर दिसतं, पण उष्णता त्यातून सावकाश पसरते. एका बाजूला अचानक गारवा लागला की तेवढाच भाग आकसतो, बाकीचा तसाच राहतो, आणि मधे चीर पडते. माझं पावाचं एक भांडं मी ओव्हनमधून काढून ओल्या ओट्यावर टेकवलं. 'टक्' असा एकच बारीक आवाज आला, बाकी काही दिसलं नाही. दोन दिवसांनी धुताना तळाशी केसाएवढी रेघ सापडली. तेव्हापासून गरम भांडं कोरड्या लाकडी फळीवरच ठेवते. थेट आचेवरही ठेवू नका, आणि फ्रीझरमधलं कडक पीठ गरम दगडावर टाकू नका.

शंका आली तर मडकं घेताना वाजवून बघतात तसं वाजवा. ट्रे बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि दुसऱ्या हाताच्या पेराने टकटक करा. खणखणीत आवाज आला तर भांडं धड आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, मग ते ओव्हनमध्ये घालू नका, गरम असताना हातातच दुभंगू शकतं.

तुमचा ट्रे तापवून पूर्ण गार झाला की त्यावर टिश्यू पेपर दाबून ओढा. कागदाचे तंतू अडकले तर अजून एक खेप तापवा. अलगद सरकला तर त्याच दिवशी बिस्किटांचं पीठ मळा, आणि गोळे एका कोपऱ्यात न ठेवता ट्रेभर पसरून लावा.