ट्रेलर हिचच्या (गाडीला ट्रेलर जोडायच्या जोडणीच्या) वेल्डजवळ बारीक रेघ दिसते आहे आणि तिच्यातून तांबूस गंज झिरपतोय. तडा असेल का, आणि वरून वेल्ड मारून चालेल का?

खात्री होईपर्यंत ट्रेलर जोडू नका. रेघेतून तांबूस गंज झिरपतोय असं तुम्ही लिहिलंय, ते लक्षण मला बरं वाटत नाही. नुसता रंग फुटला तर बहुधा जाळी दिसते. थकव्याचा (पुन्हा पुन्हा भार येऊन पडणारा) तडा वेल्ड पट्टीला मिळतो त्या कडेनेच धावतो.

डाय पेनिट्रंटने (तड्यात मुरणाऱ्या रंगीत द्रवाने) सोक्षमोक्ष लागेल. जुना रंग पेंट रिमूव्हरने काढा. ग्राइंडर नको, त्याने धातू पसरून तड्याचं तोंड बुजतं. लाल डाय दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, मग क्लीनरने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा (क्लीनर थेट फवारलात तर आतली डायही धुऊन जाईल) आणि पांढरा डेव्हलपर (मुरलेली डाय बाहेर ओढणारा लेप) मारा. तडा असेल तर लाल रेघ उमटेल.

तडा बॉलच्या (गाडीकडच्या गोळ्याच्या) दांड्यावर किंवा कपलरवर (त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या टोपीवर) निघाला तर तो भाग सरळ बदला, तिथे वेल्डिंगचा विचारही नको.

चौकटीच्या पट्टीवर असेल तर दुरुस्ती होते, पण वरून वेल्ड ओढून नाही. खालचा तडा तसाच राहतो आणि नव्या वेल्डमधून वर येतो. दिसणाऱ्या टोकाच्या थोडं पुढे भोक पाडा, कारण खरं टोक डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे असतं. तडा मुळापर्यंत खोदून काढा, पुन्हा पेनिट्रंटने तपासा, मगच कोरड्या ७०१८ रॉडने (कमी हायड्रोजनच्या वेल्डिंग रॉडने) भरा. हे काम चासी-क्रेनवर हात बसलेल्या वेल्डरकडूनच करून घ्या. वर जाड पट्टी ठोकायची हौस अनेकांना असते. ती जिथे एकदम संपते तिथेच पुढचा तडा जातो.

आणि हे सगळं करूनही कारण तसंच राहिलं तर काम फुकट. बोल्ट ढिले आहेत का, बॉल झिजून कपलर आपटतोय का, ते बघा. मला सगळ्यात जास्त संशय एक्स्टेन्शनचा (बॉल मागे लांबवणाऱ्या जोडतुकड्याचा) येतो. बॉल दुप्पट लांब गेला की मुळाशी वाकवणारा जोर दुप्पट होतो, आणि वेल्डचं आयुष्य निम्म्यावर नाही, साधारण आठव्या हिश्शावर येतं. जास्त ताकदीचं पोलाद वापरूनही यात फारसा फरक पडत नाही, वेल्डचा थकवा त्याला जुमानत नाही. तुमच्याकडे एक्स्टेन्शन असेल तर आधी ते काढा.