हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल?

शेजारची दहावीतली मुलगी काल वही घेऊन आली. इंदूरच्या राजवाड्यावरच्या इंग्रजी निबंधात तिने ‘हिस्टॉरिकल बिल्डिंग’ लिहिलं होतं. बाईंनी शेवटची दोन अक्षरं लाल शाईने खोडलेली. “मावशी, दोन्हींचा अर्थ ऐतिहासिकच ना? मग मार्क का कापला?”

गोची आपल्या ‘ऐतिहासिक’मध्येच आहे. शिवकाळावरची कादंबरीही ऐतिहासिक आणि काल जिंकलेला क्रिकेटचा सामनाही ऐतिहासिक! इंग्रजीने ही कामं वाटून दिली आहेत. इतिहासाशी संबंधित ते हिस्टॉरिकल, इतिहासात नोंद व्हावी असं ते हिस्टॉरिक. होळकरांचा सात मजली राजवाडा, 1984च्या आगीत बराच जळलेला, खरं तर दोन्हीत बसतो. पण नावाजलेल्या वास्तूला हिस्टॉरिक म्हणायची रीत आहे. बाईंनी सुधारलं ते ठीक, मार्क कापायला नको होता.

“म्हणजे ‘इक’ भारी आणि ‘इकल’ साधं?” असं सूत्र मात्र करू नये. अमीर खाँसाहेबांचं गाणं क्लासिकल आणि त्यांचा मारवा राग क्लासिक, इथवर जमतं. पुढे इकॉनॉमिकल आडवा येतो. अर्थव्यवस्थेशी संबंधित ते इकॉनॉमिक, कमी पैशांत भागतं ते इकॉनॉमिकल. आपल्याकडे एका खानावळीवर ‘इकॉनॉमिक थाळी’ अशी पाटी होती. मला दर वेळी वाटायचं, वरणाच्या वाटीत अंदाजपत्रक वाढतात की काय.

मूळ प्रत्यय ‘इक’ ग्रीकमधला, लॅटिन-फ्रेंचमार्गे आलेला. त्यालाच लॅटिनचं ‘अल’ जोडून ‘इकल’ झालं. पूर्वी दोन्ही रूपं सर्रास एकाच अर्थाने चालत. अर्थ नंतर फुटले, आणि प्रत्येक जोडीत वेगळ्या तऱ्हेने. म्हणून जोड्या पाठ करण्यावाचून इलाज नाही.

मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आपला ‘इक’ शेवटी लागतो आणि बदल होतो शब्दाच्या तोंडाशी: इतिहासचं ऐतिहासिक, उद्योगचं औद्योगिक. इंग्रजीत स्वर असा वाढत नाही, आघात सरकतो. ‘हिस्टरी’त जोर ‘हि’वर, ‘हिस्टॉरिक’मध्ये ‘टॉ’वर. मुलीने दोन्ही शब्द चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिले, तेव्हा पटलं.

जाता जाता तिनेच विचारलं, “बेसिकली आहे, मग बेसिकल?” नाही. क्रियाविशेषण करताना मात्र ‘इक’वाल्यालाही ‘अल’ घ्यावाच लागतो, बोलताना तो ऐकू येत नसला तरी. ठळक अपवाद ‘पब्लिक’चा, त्याला थेट ‘ली’ लागतो. स्पेलिंग लिहिताना तिथे हात आवरायचा.